अप्लाइड लॉ घेतला म्हणून वाट बंद होत नाही

मुलीला सिक्स्थ फॉर्मला (इंग्लंडमधली अकरावी-बारावी) बीटेक अप्लाइड लॉ (कायद्याचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम, आपली बी.टेक. पदवी नव्हे) घ्यायचाय, पण तो ए लेव्हल (विद्यापीठ प्रवेशासाठीची नेहमीची विषयवार परीक्षा) नाही, मग वकिलीचं दार बंद होईल का, अशी धास्ती एका पालकांनी बोलून दाखवली आहे. तसं अजिबात नाही. या बीटेकचं एक्स्टेंडेड सर्टिफिकेट एका ए लेव्हलच्या तोडीचं असतं. डिस्टिंक्शनला यूकासचे (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणारी संस्था) ४८ गुण, म्हणजे ए ग्रेडइतकेच. सोबत दोन ए लेव्हल घेता येतात. त्यात इंग्रजी किंवा इतिहास असावा, हे मी आग्रहाने सांगेन.

खरी मजा अभ्यासात आहे. निष्काळजीपणाचा कायदा म्हटला की १९३२ चा डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन खटला आलाच. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार. बाटली विकत घेतली मैत्रिणीने, मग पिणारीने उत्पादकाकडे भरपाई मागायची कशाच्या जोरावर? मुलांना असाच एखादा काल्पनिक अशील देऊन त्याच्यासाठी सल्ला लिहायला लावतात. नुसत्या पाठांतराने तिथे निभाव लागत नाही.

मात्र काही विद्यापीठं लॉसाठी ए लेव्हलच मागतात, काही एलनॅट ही लॉची प्रवेश परीक्षाही. तिच्या मनातल्या विद्यापीठांच्या अटी आधी नीट वाचा. आणि सॉलिसिटर (अशिलांना सल्ला देणारा वकील) व्हायला २०२१ पासून एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे, त्याला पदवी कुठल्याही विषयाची चालते.