नागपूर, पश्चिमेची बाग, काळी माती : मे आणि जुलैत तग धरणारी फुलझाडं सुचवा

मंडळी, मदत हवी आहे.

घर नागपुरात. कुंपणालगत वीस फूट लांब, चार फूट रुंद पट्टा आहे, तोंड पश्चिमेला. दुपारी एकनंतर सावलीचं नाव नाही. माती अस्सल काळी. मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा, आणि जुलैत दोन दिवस झड लागली की पाणी हटत नाही. उन्हाला टिकणारं झाड पावसात सडतं, पावसाळी झाड ४५ अंशांत करपतं.

हिवाळ्याची चिंता नाही. पिटुनिया, झेंडू, डायंथस, तेव्हा काहीही फुलतं. मोगरा आहे, पण फुलं तुरळक. कण्हेर सगळेच सुचवतात, पण घरात दोन वर्षांची मुलगी आहे, दिसेल ते तोंडात घालते. त्यामुळे कण्हेर नको.

आणखी एक. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना चालतं का? पाणी बोअरचं, कुंड्यांच्या कडेला पांढरा थर बसतो.

प्रतिसाद

कण्हेर नको तर बिट्टी आणि सदाफुलीही नको, दोन्ही विषारी. सदाफुली तशीही साचलेल्या पाण्यात कुजतेच.

आधी मातीचं बघा. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा, भरपूर शेणखत आणि पालापाचोळा मिसळा. चार घमेली वाळू टाकून काळी माती सुधारत नाही, कुणी काहीही सांगो.

मे महिन्यासाठी कुंपणावर बोगनवेल. मुळं धरली की पाणी कमीच द्या. लाड केले तर नुसती पानं येतात. काटे असतात, म्हणून मुलीच्या हाताला लागणार नाही अशी वर चढवा. खाली कडेला चिनी गुलाब, ऊन जितकं कडक तितका खूश. पावसाळ्यात मात्र तो कुंडीत हलवा.

जिथे पाणी साचतं तिथे कर्दळ. तिला ओले पाय आवडतात, आणि उन्हाळ्यात पाणी मिळालं तर तेव्हाही फुलते. जूनमध्ये तेरड्याचं बी टाका, ऑगस्टमध्ये रंगच रंग.

मोगऱ्याला संत्र्यासारखा ताण द्या. जानेवारीत पाणी तोडा, महिनाअखेरीस छाटणी, मग शेणखत घालून पाणी सुरू. फुलं नव्या फुटीवर येतात, जुन्या काड्या राखून उपयोग नाही.

हिवाळ्यात शेवंती विसरू नका. पावसाळ्यात फुटवे लावायचे, ऑगस्टपर्यंत शेंडे खुडायचे. दिवस लहान झाले की ती कळ्या धरते, म्हणून रात्री तिच्यावर दिव्याचा उजेड नको.

कूलरचं पाणी कुंड्यांना अजिबात नको. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, त्यामुळे ते बोअरच्या पाण्याहून जड. त्याने अंगण धुवा.

धागाकर्ती

खूप आभार! ताणाचं डोक्यात आलंच नव्हतं, आमच्या मोगऱ्याला बारा महिने रोज पाणी.

रस्त्यावरचा दिवा नेमका आमच्या कुंपणावर आहे, रात्रभर जळतो. तेव्हा शेवंती कुंडीत लावून मागच्या अंगणात वाढवते, फुलली की पुढे आणते. चालेल ना? आणि कर्दळीची बुटकी जात मिळते का? उंच वाढली तर खिडकी झाकली जाईल.