दैत्यसूदन आपलाच, मग राक्षसमाऱ्याची प्रेमकथा परकी कशी?

मेहकरची लेक
परवा इथंच एकानं लिहिलं: "राक्षस मारणारा देखणा नायक, अंगात शक्ती लपलेली नायिका आणि शंभर भागांचं प्रेम. हे परदेशी खूळ खेड्यातल्या पोरींच्या मोबाइलवर आलंय, अन् ते त्यांना पुन्हा मांत्रिकाच्या दारात नेऊन बसवणार." दोन दिवस राग गिळला. आज लिहिते.

परदेशी कसं? लोणारच्या देवळाचं नावच दैत्यसूदन. लवणासुर जमिनीखाली दडून राहायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या बहिणी त्याच्यावर भाळल्या, त्यांच्याकडून भावाची जागा कळली आणि यानं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं. आजीनं ही गोष्ट सांगितली तेव्हा मी तिसरीत होते. मी विचारलं, त्या बहिणींचं पुढं काय झालं? आजी म्हणाली, "पुढं काही नाही, झोप आता."

या कथा नेमक्या तिथून सुरू होतात. तो मारायला आलाय आणि जिला मारायचं तिच्यावरच जीव जडलाय. तिनं शक्ती लपवायची की दाखवायची? भीमानं तरी दुसरं काय केलं? हिडिंबाला मारलं आणि त्याच्या बहिणीशी संसार मांडला.

माझी मावशी विधवा. एकटी राहायची, झाडपाल्याची माहिती होती. तेवढ्यावरून गावानं ठरवलं की ही करणी करते. तिच्या दारावरून जाताना बायका लेकरांना पदराआड घ्यायच्या. या कथांमध्ये तशीच बाई नायिका असते. पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी रडले होते.

शेतमास्तर
ती पोस्ट माझी. एक शब्द मागे घेत नाही.

माझा धाकटा भाऊ खळ्यावर झोपला होता. मण्यार चावली. मण्यारीचा दंश दुखत नाही, दातही नीट दिसत नाहीत. पहाटे त्याच्या पापण्या उघडेनात. दवाखाना सहा किलोमीटरवर, बैलगाडी जुंपलेली. पण चार शहाणे म्हणाले, आधी उतरवून घ्या. दोन तास कडुलिंबाचा पाला फिरवला. दवाखान्यात पोचलो तेव्हा श्वास नव्हता.

तुमच्या नायिकेच्या तळहातातून उजेड निघतो अन् जखम भरते. माझ्या आईला त्या पहाटे तेवढंच हवं होतं, म्हणून ती तिथं बसून राहिली. २०१३ साली दाभोलकरांचा खून झाला, मग कुठं जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं आता गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. त्यासाठी माणसाला जीव द्यावा लागला आणि तुम्ही पोरींना पुन्हा गुप्त शक्ती वाटत सुटलात.

आणि मावशीचं म्हणता, तर ऐका. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बांधून मारलं. मारणारे स्वतःला राक्षस मारणारेच समजत होते.

मेहकरची लेक
भावाचं वाचून हात थांबला. खरंच वाईट वाटलं. पण मास्तर, तो पाला फिरवणारा कोणती प्रेमकथा वाचून आला होता? आणि वणीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कथेतल्या शिकाऱ्याला अर्ध्यावर कळतं की आपण चुकीच्या माणसाला राक्षस म्हणालो. वणीत ते कोणाला कळलं असतं तर?

अकोटचे नाना
मास्तर, तुमचं दुःख मोठं हाय, त्याच्यावर मी बोलत नाई. पन माह्यं दुखनं येगळं हाय. या कथेत राक्षस मारनारा पुन्याचं बोलते, त्याची ते बी पुन्याचं बोलते. मंग वऱ्हाडी कोन बोलते? गडी. नाईतर दारू पेलेला काका. काऊन? म्हाइंभटानं लीळाचरित्र आमच्या वऱ्हाडातल्या रिद्धपुरात लिहिलं ना? मंग आमच्या बोलीत प्रेम काऊन होत नाई? मी बायकोले चाळीस वर्सं वऱ्हाडीतच मनवतो.

वडशाचा प्रेक्षक
नाना, विदर्भ म्हणजे नुसतं वऱ्हाड का? पूर्व विदर्भातली झाडीबोली कोणी मोजतच नाही. आमच्याकडं झाडीपट्टीत दिवाळी झाली की रात्र-रात्र नाटकं चालतात, लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. २०२३ ला आमचे नाट्यकलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठं तुम्हाला झाडीपट्टी आठवली.

अकोटचे नाना
आमाले आठवन द्याची गरज नाई. वऱ्हाडीचं नाव घेतलं का तुमी मधात झाडी आनता.

वडशाचा प्रेक्षक
आणणारच. पुणेकरांनी तुमच्याशी जे केलं तेच तुम्ही आमच्याशी करता. भंडारा, गोंदिया, गडचिरोली तुमच्या नकाशात आहे की नाही ते एकदा सांगून टाका.

शेतमास्तर
माणसं मरतात त्यावर बोलतोय आणि तुमचं बोलीवरून भांडण. लाज वाटू द्या.

अकोटचे नाना
मास्तर, लाज काढू नका. ज्या पोरीले आपल्या बोलीची लाज वाटते, ते अन्याय झाला तं बोलनार कोनत्या तोंडानं?

धारणीची नर्स
मी मेळघाटात नोकरी करते. पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराला तापल्या लोखंडाचे डंबे, म्हणजे चटके, दिलेले मी पाहिलेत. मास्तरांचा राग मला समजतो. पण डंबा देणाऱ्या आजीनं आयुष्यात पुस्तक हातात धरलं नव्हतं. आमच्या गावचा भूमका, म्हणजे आदिवासींचा मांत्रिक-वैदू, आता स्वतः लेकरू माझ्याकडं पाठवतो, कारण आम्ही त्याच्या ओट्यावर बसून वर्षभर चहा प्यायलो. त्याला हाकललं असतं तर एकही लेकरू आलं नसतं. पोरींच्या हातचा मोबाइल काढून काय मिळणार? वाचणारी पोरगी निदान माझ्या गोळीच्या पाकिटावरची तारीख तरी वाचते.

एक मात्र मेहकरच्या ताईंना सांगते. कथेत तळहातानं जखम भरते ते मलाही खटकतं. लिहिणाऱ्यांनी ते जपून लिहावं.

मेहकरची लेक
हे मान्य. मनापासून नाही, पण मान्य.

शेतमास्तर
काल रात्री पोरीचा मोबाइल घेऊन बसलो. चाळीस भाग वाचले. एका ठिकाणी त्या नायिकेला सगळी शक्ती असूनही स्वतःचा भाऊ वाचवता येत नाही. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन सकाळपर्यंत बसते. त्याच्या पुढं वाचणं मला जमलं नाही.

माझं मत तेच आहे. मोबाइल पोरीला परत दिला.