गो-बिटवीन्स: एवढी गाणी असून हिट एकपण नाही, असं का?

डोंबिवली_फास्ट
दोन आठवडे झाले, जाता-येता लोकलमध्ये एकच बँड ऐकतोय, द गो-बिटवीन्स. ब्रिस्बेनचा, १९७७ सालचा. ब्रिस्बेन म्हटलं की मला २०२१ची गाबा टेस्ट आणि शार्दुलचे ६७ सोडून काय आठवायचं नाही, पण मित्राने 'स्ट्रीट्स ऑफ युवर टाउन' पाठवलं आणि डोक्यातून जाईचना. वाटलं हे तेव्हा रेडिओवर नुसतं धो धो वाजलं असणार. शोधलं तर इंग्लंडच्या चार्टवर ८०च्या आसपास जाऊन बसलं! आठ नाही हो, ऐंशी. १९८१ ते ८८ मध्ये सहा अल्बम, रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन असे दोन दोन तगडे गीतकार, समीक्षक डोक्यावर घेऊन नाचतायत, मग गाडी अडली कुठे? नशीब म्हणू नका प्लीज, आमच्या स्वतःच्या बँडला सात वर्षं सगळे तेच सांगतायत.

कॅसेटवाला_काका
नशीब कसलं, लेबलं बघ की, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या. पहिली सिंगल १९७८ ला ब्रिस्बेनच्या एबल लेबलवर. मग ग्लासगोच्या पोस्टकार्ड लेबलवर एकच सिंगल. मग रफ ट्रेड, तिथे दुसरा अल्बम 'बिफोर हॉलिवूड' आला १९८३ ला आणि त्याच वर्षी रफ ट्रेडच्या हाती लागला द स्मिथ्स हा मँचेस्टरचा बँड. आता घरात असं कर्तं पोरगं आल्यावर बाकीच्यांकडे कोण बघतंय? पुढचा अल्बम सायरवर, पुढचे तीन बेगर्स बँक्वेटवर. दर वेळी नवीन ऑफिस, नवीन माणसं, परत पहिल्यापासून ओळख करून द्या. त्यात राहायचं लंडनमध्ये, पैशाची कायम बोंब.

दुसरं म्हणजे दोन गीतकार ही तू जमेची बाजू म्हणतोयस, कंपनीला तीच डोकेदुखी. पोस्टरवर कोणाचा चेहरा लावायचा? फॉर्स्टर उंच, नाटकी, तिरकस. मॅक्लेनन गोड चाली बांधणारा. ह्या मॅक्लेननला सुरुवातीला वाजवताच येत नव्हतं बरं का, मित्र म्हणून बँडमध्ये घेतला आणि फॉर्स्टरने त्याला बेस गिटार शिकवली! मला तरी ह्या बँडची सगळी गोष्ट ह्या एका गोष्टीतच दिसते.

ठेका_चुकला
काका लेबलांचं बरोबर आहे पण थोडं संगीताचंही बोला की. त्यांचं १९८३चं 'कॅटल अँड केन' ऐकलंय का नीट? मी तबला शिकवते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सवयीने मांडीवर ठेका धरला आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हातातून निसटली. परत लावलं, मोजलं, तर कडव्याला ११ मात्रा. आपल्याकडे रुद्र ताल असतो ना, तेवढ्या. आता पबमध्ये हातात बियर घेतलेल्या माणसाने टाळी द्यायची कुठे? लिंडी मॉरिसन म्हणून ड्रमर होती, १९८० पासून बँडमध्ये, ती हे इतकं सहज वाजवते की काही वेगळं चाललंय हे कळतच नाही, फक्त पायाखालची जमीन जराशी हलल्यासारखी वाटते. हिट नाही झालं यात मला नवल वाटत नाही. पण २००१ ला ऑस्ट्रेलियातली सर्वोत्तम ३० गाणी निवडली त्यात हे होतं, म्हणजे कानांना सवय व्हायला १८ वर्षं लागली म्हणायची.

आणि गाणं आहे उसाच्या फडातून घरी येणाऱ्या शाळकरी पोराचं! हे लिहिलं लंडनमध्ये बसून. माझं माहेर कोल्हापूरकडचं, त्यामुळे मी या गाण्याबद्दल तटस्थ वगैरे अजिबात नाही.

डोंबिवली_फास्ट
ताई ११ मात्रा!! मी पन्नासदा ऐकलं असेल, एकदाही लक्षात नाही आलं, लाज वाटली. बरं मग १९८९ ला फुटले का? '१६ लव्हर्स लेन' हा १९८८चा अल्बम तर नुकताच आला होता आणि मला तो सगळ्यात भारी वाटतो.

कॅसेटवाला_काका
दमले होते, आणि नाती सगळी बँडमध्येच. फॉर्स्टर आणि लिंडी आधी एकत्र होते, मग वेगळे झाले तरी बँड चालूच. मॅक्लेनन आणि व्हायोलिनवाली अमांडा ब्राउन एकत्र. १९८९च्या डिसेंबरात फॉर्स्टर आणि मॅक्लेनननी बाकीच्यांना सांगून टाकलं की संपलं, आणि अमांडा मॅक्लेननलाच सोडून गेली. तिची चूक मला तरी दिसत नाही. पुढे २००० ला फॉर्स्टर आणि मॅक्लेनन परत एकत्र आले, अजून तीन अल्बम केले. शेवटचा 'ओशन्स अपार्ट' २००५चा, त्याला तिकडचं मोठं एरिया अवॉर्ड मिळालं, आयुष्यात पहिल्यांदा. पुढच्या मे महिन्यात मॅक्लेननच्या घरी पार्टी होती, तो जरा पडतो म्हणून आडवा झाला तो उठलाच नाही. ४८ वय. त्यानंतर फॉर्स्टरने बँडचं नाव परत वापरलं नाही, स्वतःच्या नावाने गातोय.

ब्रिस्बेनकर_सध्या
उशिरा आलो धाग्यावर. इथे नदीवर 'गो बिटवीन ब्रिज' आहे, २०१० ला उघडला, याच बँडचं नाव. गंमत म्हणजे ज्या काळात ते इथून निघाले तेव्हा क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेनच्या राज्यात, ब्येल्के-पीटरसन या प्रीमियरचं (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा) सरकार, रस्त्यावर मोर्चा काढायला बंदी, पोलीस बँडवाल्या पोरांच्या मागे हात धुऊन लागलेले, ज्याला जमेल तो सिडनी नाहीतर लंडन गाठायचा. आणि आता त्याच गावाने पुलाला नाव दिलंय. टोल आहे पण, दर वेळी कापला जातो. बायको म्हणते दुसऱ्या पुलावरून घे, फुकट आहे. मी याच पुलावरून जातो, आणि पूल संपेपर्यंत एक कडवंसुद्धा पुरं होत नाही.

डोंबिवली_फास्ट
रविवारी प्रॅक्टिसला ११ मात्रा ट्राय करतोय. ड्रमरला अजून सांगितलेलं नाही.