तुमची जपलेली गिटार, बेस, ट्यूब अ‍ॅम्प दाखवा (आणि अमेरिकेतून आलेला जुना डिलक्स रिव्हर्ब इथे कसा चालवू?)

ठाण्याचा_सहातारी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं डोक्यात होतं. इथे तबला, पेटी, सतारीवर भरपूर लिहिलं जातं पण इलेक्ट्रिक गिटारवाले आपण सगळे विखुरलेले आहोत, कोणाकडे काय आहे कळतच नाही. तर ज्यांच्याकडे एखादी खास गिटार, बेस किंवा ट्यूबवाला अ‍ॅम्प आहे त्यांनी लिहा, कुठून आला, काय बदललंय, रोज वाजवता का.

माझ्यापासून सुरुवात. न्यूजर्सीचे काका कायमचे परत आले तेव्हा सामानाबरोबर त्यांचा फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब हा ट्यूब अ‍ॅम्प आला, सिल्व्हरफेसवाला, म्हणजे पुढची पट्टी चंदेरी आणि अक्षरं निळी. बारा इंची एक स्पीकर, साधारण २२ वॅट. काका कॉलेजात असताना त्यांनी तो जुना विकत घेतला होता, आता म्हणाले तू वाजवतोस, तूच ठेव. मी आजवर लहान डिजिटल अ‍ॅम्पवरच वाजवलंय त्यामुळे हा घरात आल्यापासून झोप नाही. पण मागे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ लिहिलंय म्हणून अजून प्लग लावलेला नाही. स्टेपडाऊन (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून चालेल का? आणि हा नक्की कुठल्या साली बनला ते कसं ओळखायचं, काकांना आठवत नाही.

---

नाशिक_स्ट्रॅट

वा, धागा काढलास ते बरं केलंस. अ‍ॅम्पचं जाणकार सांगतील, मी गिटारचं लिहितो.

माझ्याकडे १९८३ ची स्क्वायर स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची स्क्वायर या नावाने निघणारी आवृत्ती) आहे, जपानी, जेव्ही सीरियलवाली. स्क्वायर म्हटलं की लोकांना शिकाऊ मुलांची स्वस्त गिटार आठवते, पण ही गोष्ट वेगळी आहे. सत्तरच्या दशकात जपानी कारखाने फेंडर-गिब्सनच्या इतक्या चांगल्या नकला करायला लागले की फेंडरने १९८२ मध्ये सरळ तिथेच फेंडर जपान सुरू केलं, आणि मात्सुमोतोच्या फुजीजेन कारखान्यात जुन्या ५७ आणि ६२ च्या स्ट्रॅटसारख्या गिटारी बनायला लागल्या. सीरियल नंबर जेव्हीने सुरू होणाऱ्या या गिटारी १९८२ ते ८४ एवढ्याच काळातल्या. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या पट्ट्या, ज्या सफाईने बसवलेत आणि नेक जसा हातात बसतो ते पाहिलं की कळतं त्या कारागिरांनी मनापासून काम केलंय.

मी ही पुण्यात एका स्टुडिओवाल्याकडून घेतली. आधीच्या मालकाने फ्रेट नवे टाकलेत आणि ट्यूनर बदललेत, त्यामुळे संग्राहकांच्या लेखी किंमत कमी. मला त्याचं काही वाटत नाही, उलट फ्रेट झिजेपर्यंत ही वाजली याचंच मला कौतुक आहे. रोज वाजते, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातही नेतो. बायको म्हणते एवढी जपायची तर घरी ठेवा, पण मग घेतली कशाला!

---

व्हॉल्व्हवाले_काका

ठाणेकर, पहिली गोष्ट, प्लग लावला नाहीस हे उत्तम केलंस, आता मी सांगतो ते होईपर्यंत लावूही नकोस. मी आयुष्यभर रेडिओ, पीए अ‍ॅम्प्लिफायर आणि गेली बरीच वर्षं गिटारचे अ‍ॅम्प दुरुस्त करत आलोय.

आधी साल. अ‍ॅम्पच्या मागून ट्रान्सफॉर्मरवर बघ, ६०६ ने सुरू होणारा आकडा छापलेला असेल, ६०६ म्हणजे शूमाकर कंपनी. त्यापुढचा एक आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि शेवटचे दोन म्हणजे त्या वर्षातला आठवडा. उदाहरणार्थ ६०६-२-३४ असेल तर १९७२ चा चौतिसावा आठवडा. स्पीकरच्या कडेलाही तसाच कोड असतो, २२० असेल तर जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस. वर्षाचा एकच अंक असल्यामुळे दशक इतर खुणांवरून ठरवायचं, तुझा सिल्व्हरफेस म्हणजे १९६७ च्या अखेरीच्या आधीचा नाही. अ‍ॅम्प बनला तो या सगळ्यात उशिराच्या तारखेच्या नंतर, पण एखादा भाग मागाहून बदललेला नाही ना तेही बघ. कॅबिनेटच्या आत ट्यूब चार्टचा कागद चिकटवलेला असेल तो कोणी पुसायला ओलं फडकं मारू नका.

आता करंट. स्टेपडाऊनने २३० चे १२० व्होल्ट होतात पण ५० हर्ट्झचे ६० होत नाहीत हे बरेच जण विसरतात. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या कोअरला ५० वर जास्त चुंबकीय भार येतो, तो जास्त तापतो. फेंडरच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरपैकी काही हे सहन करतात, काही तासाभरात हात लावू देत नाहीत. म्हणून वाजवायचा असेल तर ५०० व्हीएचा चांगल्या तांब्याचा स्टेपडाऊन घे आणि पहिल्या दिवशी दर दहा मिनिटांनी प्लग काढून ट्रान्सफॉर्मर किती तापला ते बघ. बाजारात हलके प्रवासी कन्व्हर्टर मिळतात ते हेअर ड्रायरसाठी असतात, ते अ‍ॅम्पला अजिबात लावायचे नाहीत. कायमचा उपाय म्हणजे २३० व्होल्ट ५० हर्ट्झचं प्रायमरी (मेन्सच्या बाजूचं वेटोळं) असलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवायचा आणि जुना कागदात गुंडाळून, नाव लिहून अ‍ॅम्पबरोबरच ठेवायचा. स्पीकरच्या बाजूच्या आऊटपुट ट्रान्सफॉर्मरला हात लावायचा नाही, आवाज बराचसा तिथे आहे.

त्याच्याही आधी इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. पन्नास वर्षांत ते आतून सुकतात, आणि एखादा शॉर्ट झाला तर सोबत रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. ते नवे टाकायचेच, याने अ‍ॅम्पचा अस्सलपणा जात नाही. मग तीन पिनची वायर आणि खरं अर्थिंग. मागे ग्राउंड स्विच असेल, त्याला मेन्सपासून चॅसिसला जोडलेला एक छोटा कपॅसिटर असतो, तो काढून टाकायचा. तो शॉर्ट झाला तर चॅसिसमध्ये (आतल्या धातूच्या सांगाड्यात) करंट येतो आणि तिथून गिटारच्या तारांत, आणि तुझा ओठ माइकला टेकलेला असेल तर काय होईल ते लिहायला नको.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरायचा, म्हणजे मेन्स आणि अ‍ॅम्पच्या मध्ये एक बल्ब जोडायचा, शंभर वॅटचा फिलामेंटवाला बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर लगेच बंद. आणि स्पीकरची वायर काढून ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवायचा नाही, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

हे सगळं स्वतः करायला जाऊ नकोस. आत चारशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात. चॅसिस उघडायचं काम माहितगाराकडेच दे.

ट्यूबची काळजी करू नको. ६व्ही६ आणि १२एएक्स७ आजही स्लोव्हाकियात, रशियात बनतात. फेंडरने या अ‍ॅम्पमध्ये ६व्ही६ ला कागदावरच्या मर्यादेपेक्षा जास्त व्होल्ट दिलेत, त्यामुळे दणकट बनावटीच्याच घे. माझा लाडका कोणता विचारशील तर व्हॉक्स एसी३० च्या सर्किटवर मी स्वतः बांधलेला एक आहे, त्यात चार ईएल८४ ट्यूब लागतात आणि त्या चारही बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या आहेत, जुन्या रेडिओंमधून जमवलेल्या. कोणी कितीही पैसे दिले तरी देणार नाही.

---

मडगाव_बेस

काकांचं वाचून अंगावर काटा आला. देव बरें करूं, एवढं कोण समजावून सांगतं!

माझा १९७७ चा प्रिसिजन बेस, हेडस्टॉकवर एस७ ने सुरू होणारा नंबर आहे. माझे मामा बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचे, त्यांनी परदेशात घेतला आणि पुढे मला दिला. वजनाला दणकट, चार सेट वाजवून झाले की खांदा बोलतो. पण ई स्ट्रिंग सोडली की हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जमीन भरल्यासारखी वाटते, ते नव्या कुठल्याच बेसवर मला मिळालं नाही.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये हा बेस आणला तेव्हा कल्पना एवढीच होती की उभ्या डबल बेसचं ओझं कमी व्हावं आणि फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागावा, नाव प्रिसिजन त्यावरूनच. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन १९६२ च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड (वरून सपाट, गुळगुळीत) तारा लावून, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तुटल्याशिवाय तार बदलायचा नाही. मीसुद्धा फ्लॅटवाउंडच लावतो, आमच्याकडच्या खाऱ्या हवेत खरखरीत राउंडवाउंड पटकन गंजतात हेही एक कारण आहे. ब्रिजच्या स्क्रूंना गंज चढतोच, पावसाळ्यात दर आठवड्याला पुसून मशीन ऑइलचा एक थेंब. पिकअप, पॉट सगळं मूळचं आहे. मामा आता थकलेत, पण भेटायला गेलो की बेस घेऊनच जातो आणि ते अजून तासभर वाजवतात.

ठाणेकर, अ‍ॅम्प सुरू झाला की रेकॉर्डिंग टाक हं.

---

कोल्हापूरची_शिसव

इथे सगळे इलेक्ट्रिकवाले दिसतायत, माझी अकूस्टिक चालेल का? माझ्याकडे सत्तरच्या दशकातली मार्टिन डी-२८ आहे, आत्याची. ती पेनसिल्व्हेनियात शिकायला होती आणि मार्टिनचा कारखाना तिथल्याच नाझरेथ गावात.

मला या गिटारचं सगळ्यात जास्त काय आवडतं तर हिची पाठ आणि कडा आपल्या शिसवीच्या आहेत. १९६९ पर्यंत मार्टिन डी-२८ ला ब्राझीलचं रोझवूड वापरायचे, ते मिळेनासं झाल्यावर भारतातलं घ्यायला लागले. म्हणजे दक्षिणेतल्या जंगलातलं लाकूड पेनसिल्व्हेनियाला गेलं, गिटार झालं आणि कोल्हापुरात परत आलं. लोक ब्राझिलियनच्या मागे वेडे असतात, मी दोन्ही शेजारी ऐकल्यात आणि मला आपल्या शिसवीचा खर्ज जास्त गोल वाटतो. ज्यांच्याकडे ब्राझिलियनची जुनी गिटार असेल त्यांनी ती देशाबाहेर नेताना कागदपत्रं आधी करा, १९९२ पासून ते लाकूड साइटिस (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ च्या शेवटी सूट मिळाली.

या काळातल्या मार्टिनला फिरवता येणारा ट्रस रॉड (नेकचा बाक सरळ करणारी आतली सळई) नसतो, तो १९८५ पासून आला. त्यामुळे वर्षानुवर्षं तारांच्या ताणाने नेकचा कोन बदलून तारा वर उचलल्या गेल्या की सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) घासून भागत नाही, नेक वाफेने सोडवून परत बसवावा लागतो. हे काम मी बेंगळुरूच्या एका लुथियरकडून (गिटार बनवणाऱ्या कारागिराकडून) करून घेतलं. खर्च झाला, महिनोन्‌महिने वाट बघावी लागली, पण परत आल्यावर बाराव्या फ्रेटवर पहिल्यांदा बोट सहज दाबलं गेलं आणि मी रडलेच.

पावसाळ्यात केसमध्ये हायग्रोमीटर आणि ओलावा धरणाऱ्या पुड्या, ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये ठेवायचं बघते. पण रोज संध्याकाळी बाहेर काढतेच. आठवडाभर बंद राहिली की आवाज दबल्यासारखा येतो, निदान माझ्या कानाला तरी.

---

ठाण्याचा_सहातारी

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-४-१७ आहे आणि स्पीकरवर ४६५ ने सुरू होणारा, म्हणजे ऑक्सफर्ड, वर्षाचा अंक तिथेही ४ च आहे. म्हणजे १९७४! न्यूजर्सीच्या काकांना सांगितलं तर ते एकदम खूश, त्यांचं लग्न त्याच वर्षीचं. कपॅसिटर आणि वायरिंगचं काम करून घेतो, नवा ट्रान्सफॉर्मर थोडे पैसे साठले की. एकच विचारतो, स्पीकरचा कागद एका जागी जरा फाटलाय, रिकोन करू का, म्हणजे कागदी कोन नवा बसवू का?

---

व्हॉल्व्हवाले_काका

दोन्ही कोड जुळले म्हणजे स्पीकर मूळचाच असणार, छान. रिकोन इतक्यात करू नकोस. फाटलेलं बोटाएवढं असेल तर पातळ टिश्यूचा तुकडा आणि पाणी घातलेला फेविकॉल आतून-बाहेरून लाव, रात्रभर सुकू दे. गिटारच्या अ‍ॅम्पला तेवढं पुरतं आणि मूळचा कोन राहतो. कॉइल घासल्याचा खरखर आवाज आला तरच रिकोनचा विचार कर, आणि तेव्हाही आधी मला व्यनि कर.