लग्नपत्रिकेसाठी वळणदार कॅलिग्राफी फॉन्ट सुचवा (फुकटच हवा)

वरदा_के: बहिणीची पत्रिका मीच करतेय. मरून कार्ड, सोनेरी फॉइल. एक बाजू मराठी, एक इंग्लिश. नावं वळणदार हवीत. छपाईतच बजेट संपलंय, त्यामुळे फॉन्टवर खर्च शून्य. आडनावात 'ऱ्हा' आहे. मॅकवर काम करते.

निळीशाई: बिकहॅम स्क्रिप्ट घे, दुसरं काही बघूच नकोस. १८व्या शतकातल्या जॉर्ज बिकहॅमच्या वळणावरून रिचर्ड लिप्टनने केलाय. एकेका अक्षराची कितीतरी रूपं मिळतात. मी विकत घेतला, पहिल्याच कामात पैसे वसूल.

वरदा_के: दादा, शून्य म्हटलंय.

पुणेरी_प्रेस: इंग्लिशला ग्रेट व्हाइब्स, मराठीला अमिता. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट. फक्त नावं सगळी कॅपिटलमध्ये टाकू नका, त्या वेलांट्या एकमेकींत अडकतात आणि वाचताच येत नाही.

सई११: ग्रेट व्हाइब्सला +१. आमच्या पत्रिकेत तोच होता, सगळ्यांनी विचारलं.

कोल्हापुरी_ठसा: फॉइल म्हणताय म्हणून सांगतो. भावाच्या वेळी प्रेसवाल्याने नमुना न दाखवताच सगळा गठ्ठा छापला. बारीक रेघा उठल्याच नाहीत, 'स्नेहल'मधला न अर्धा गायब. अजून राग जात नाही. नावं मोठी ठेवा, त्याच कागदावर एक नमुना मागा, फाइल कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे आकार बनवून) द्या.

बोरूबहाद्दर: मुळात इंग्लिश आणि मराठी वळणांची ही जोडी जमत नाही. कॉपरप्लेटमध्ये, म्हणजे या वळणदार इंग्लिश लिखाणात, टोकदार निबवर दाब दिला की रेघ जाड होते. देवनागरीचा बोरू सपाट कापलेला, तिथे जाडी दिशेवर ठरते. शेजारीशेजारी ठेवलं की डोळ्याला खटकतं.

निळीशाई: राउंडहँड, म्हणजे तेच इंग्लिश वळण, आधी पिसाच्या लेखणीने लिहायचे, निब नंतर आली.

बोरूबहाद्दर: पीस असलं तरी टोक लवचिकच, दाबाचीच गोष्ट आहे. आणि वरदा, मराठीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नकोस, शिरोरेषा तुटते. मजकुराला तिरो देवनागरी मराठी वापर, ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. फुकट आहे.

सई११: ग्रेट व्हाइब्सच घे गं.

पुणेरी_प्रेस: मॅक आहे तर स्नेल राउंडहँड आधीच असेल की! मॅथ्यू कार्टरने केलेला फॉन्ट. पण मी अजूनही ग्रेट व्हाइब्सच म्हणेन.

वरदा_के: सगळ्यांचे आभार. नावं खऱ्या मापात छापून भिंतीवर लावली. इंग्लिशला स्नेल राउंडहँड. मराठी नावांनाही तिरोच, मोठ्या मापात. 'ऱ्हा' सुरेख बसलाय. अमिता घेत नाही.

पुणेरी_प्रेस: मग मराठी बाजूला वळणदार काय राहिलं?

वरदा_के: काही नाही. आजीला चष्म्याशिवाय वाचता आलं, ते मला पुरे. फॉइलचा नमुना शुक्रवारी येतोय, बारीक रेघांचा फोटो इथे टाकते.