जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत मेथडला (म्हणजे फंक्शनला) ऑब्जेक्ट रेफरन्सने जातो की व्हॅल्यूने?

चहाबाज: काल एका फ्रेशरच्या मुलाखतीला बसलो होतो. तो म्हणाला, "प्रिमिटिव्ह (आकड्यांसारखे साधे प्रकार) व्हॅल्यूने जातात, म्हणजे प्रत जाते; ऑब्जेक्ट रेफरन्सने, म्हणजे मूळच हाती जातं." सोबतच्या सरांनी लगेच मार्क कापले. मला नाही पटलं. मेथडला लिस्ट दिली, तिने आत अ‍ॅड केलं, बाहेर दिसलं. मग रेफरन्सने म्हटलं तर बिघडलं कुठे? उगाच शब्दांचा कीस!

नलवाला: बिघडतं. दोन ऑब्जेक्टची अदलाबदल करणारी स्वॅप मेथड लिहून दाखवा. आत अदलाबदल होते, बाहेर ढिम्म. सी प्लस प्लसमध्ये पॅरामीटरला अँपरसँड लावा, सी शार्पमध्ये रेफ लिहा, तिथे चालतं. जावात ती सोयच नाही. जातं ते व्हॅल्यूनेच, फक्त ती व्हॅल्यू म्हणजे रेफरन्स, ऑब्जेक्ट कुठे आहे ते सांगणारी खूण.
आत्याचा फोन नंबर मी तुम्हाला चिठ्ठीवर लिहून दिला समजा. तुम्ही फोन करून तिला पुरणपोळ्या करायला लावल्यात, तर मलाही खायला मिळतील. पण चिठ्ठीवर खोडून मामीचा नंबर लिहिलात तर माझ्या डायरीत आत्याच राहणार.

चहाबाज: पुरणपोळी पटली. पण रोजच्या कामात स्वॅप लिहितो कोण?

अर्धविराम: स्वॅप सोडा, मी रिकामी करायला दिलेल्या लिस्टवर क्लिअर न मारता आत नवी अ‍ॅरेलिस्ट असाइन केली होती. जुना डेटा जसाच्या तसा, अख्खी दुपार गेली. डोक्यात हेच "रेफरन्सने जातं" बसलेलं. आणि तुमचा तो मुलगा उद्या म्हणेल, स्ट्रिंग (मजकूर) मात्र व्हॅल्यूने जाते! कारण आत काही जोडलं तरी बाहेर बदलत नाही. अरे, स्ट्रिंग इम्युटेबल आहे, एकदा बनली की बदलत नाही. जोडलं की नवीच तयार होते.

मुक्ताई: दोन्ही नावं गोंधळाचीच. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९७०च्या दशकात सीएलयू या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी "कॉल बाय शेअरिंग" म्हटलं होतं, म्हणजे दोघांकडे एकच ऑब्जेक्ट सामायिक. तेच शिकवावं.

नलवाला: तिसरं नाव कशाला, ताई? आहेत त्या दोनांतच पोरं गटांगळ्या खातायत.

चहाबाज: बरं, मग पॅरामीटरला फायनल (पुन्हा असाइन करू नका सांगणारा शब्द) लावलं की लिस्ट सुरक्षित ना?

अर्धविराम: नाही हो! फायनलमुळे फक्त चिठ्ठीवर खाडाखोड करता येत नाही. आत्याला फोन खुशाल लावा.