बी-७०४: ह्यांच्या खांद्याबद्दल थोडं विचारायचं होतं

बी-७०४ : नमस्कार मंडळी. काल सकाळी हे पाषाण तलावाकडून परत येताना आपल्याच गल्लीच्या वळणावर सायकलवरून पडले. तिथे कच पसरली होती, ब्रेक दाबला आणि पुढचं चाक घसरलं. सगळा भार उजव्या खांद्यावर आला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. एक्स-रेमध्ये हाड मोडलेलं नाही. कॉलर बोन खांद्याला जिथे मिळतं तिथली लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारी पट्टी, फाटली आहे. दुसरी ग्रेड, म्हणजे मध्यम, म्हणाले. हात झोळीत आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. इथे कोणाला असं झालंय का? झोपवायचं कसं आणि अंघोळ कशी घालायची, एवढं कळलं तरी खूप होईल.

ए-२०१ : अगं बाई! आज दुपारचा डबा मी पाठवते, तू स्वयंपाकाला लागू नकोस. तिळाचं तेल कोमट करून हलक्या हाताने चोळ, आमच्या गावाकडे हाडवैद्य हेच करतात.

सी-५०२ : काकू, डबा नक्की द्या, पण तेल नको. ताज्या दुखापतीवर चोळलं की सूज वाढते. वहिनी, मी मागच्या पावसाळ्यात अगदी असाच पडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

झोप: आडवं झोपवूच नका. पलंगाला टेकून तीन उशा लावा, अर्धवट बसल्यासारखं. कोपराखाली एक छोटी उशी ठेवा, म्हणजे दंड मागे पडत नाही. मला रात्री कळ यायची ती दंड मागे पडल्यानेच. मी बारा दिवस असाच झोपलो.

अंघोळ: स्टुलावर बसवा आणि पुढे वाकायला सांगा. हात आपोआप खाली लोंबतो आणि काखेत जागा होते. काख रोज धुऊन कोरडी करा, झोळीत घामाने कातडी सोलवटते. शर्ट पुढून बटणांचा हवा. घालताना दुखरा हात आधी, काढताना तो शेवटी. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा.

आता मनापासून सांगायची गोष्ट. झोळी कधी काढायची हे मी विचारलंच नाही आणि मला कोणी सांगितलंही नाही. जपायचं म्हणून सहा आठवडे हात बांधून ठेवला. काढला तेव्हा खांदा आखडला होता. केस विंचरता येईनात, पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट निघेना, धाकटीला उचलून घेता येईना. दुखापत दोन महिन्यांत भरली असती, आखडलेपण सुटायला आठ महिने गेले. आजच डॉक्टरांना विचारा: झोळी किती दिवस, हलवायला कधी सुरुवात, काय करायचं नाही. उत्तर कागदावर लिहून घ्या.

बी-७०४ : भाऊ, हे कोणीच सांगितलं नव्हतं. ह्यांना शुगरही आहे, त्याने काही फरक पडतो का?

डी-१०३ : ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून सांगते. पडतो. मधुमेहात खांदा आखडण्याची, म्हणजे फ्रोझन शोल्डरची शक्यता जास्त असते. तेव्हा साखर आटोक्यात ठेवा आणि झोळी सांगितल्यापेक्षा एक दिवसही जास्त नको. या ग्रेडला बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही, झोळीही साधारण एक-दोन आठवडेच. बोटं, मनगट आणि कोपर मात्र आजपासून हलवू देत, तासातासाने मूठ उघड-मीट. डॉक्टर हो म्हणाले की लोलकाचा व्यायाम: डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाकायचं, उजवा सैल सोडायचा आणि अंग हळू डोलवायचं. हात ओढायचा नाही, तो आपोआप झुलला पाहिजे. खांद्यावर छोटासा उंचवटा राहिला तर घाबरू नका, तो पुष्कळदा तसाच राहतो आणि कामात अडचण येत नाही. पण बोटं बधिर किंवा पांढरी पडली, धाप लागली, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, तर थांबू नका, लगेच दाखवा.

ए-२०१ : बरं झालं सांगितलंत, तेल राहू दे. हळद घातलेलं दूध चालेल ना? भाजणीचं थालीपीठही पाठवते, डाव्या हाताने तोडता येईल असं.

डी-१०३ : चालेल काकू, दुधात साखर मात्र घालू नका.

सेक्रेटरी, ए-६०३ : वळणावरची कच आज सकाळी झाडून घेतली. समोरच्या बांधकामाच्या डंपरमधून ती सांडते. तिथल्या इंजिनिअरशी बोललो, रोज संध्याकाळी रस्ता झाडायचं कबूल केलंय. पुन्हा दिसली तर इथेच फोटो टाका.

सी-५०२ : वहिनी, दादांना एक निरोप द्या. पुन्हा सायकलवर बसायची घाई नको. हँडलवर अंगाचा भार तळव्यांवर येतो आणि खड्ड्याचा दणका सरळ खांद्यात जातो. भिंतीला हात लावून दहा दंड न दुखता निघेपर्यंत मी बसलो नव्हतो. आणि झोळी सुटली की मला बोलवा, पेन्सिल घेऊन येतो. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, पोचेल तिथे खूण आणि तारीख. निराश वाटायचं तेव्हा मी खालच्या खुणा बघायचो.

(तीन आठवड्यांनी)

बी-७०४ : झोळी नवव्या दिवशी सुटली. आज ह्यांनी स्वतःचे केस स्वतः विंचरले. वरच्या फळीवरचा डबा अजून निघत नाही, रात्री कुशीवर वळलं की दुखतं. शुगर बरी आहे. काकू, डब्यांचे उपकार कसे फेडू?

ए-२०१ : उपकार कसले! उद्या आमटी पाठवते.

सी-५०२ : भिंतीवर कुठवर आलो?

बी-७०४ : सोमवारच्या खुणेपेक्षा चार बोटं वर. आजची खूण त्यांनी स्वतः केली, उजव्या हाताने.